वाचली असं समजलेली तीन पानं

राजश्री ओव्हाळ ज्या कार्यालयात समित्यांचं काम बघतात, त्याचं नाव मी लिहीत नाही. मी अजून तिथं कंत्राटावर आहे. दौंड तालुक्यात आहे, एवढं पुरे. मॅडम रोज न्हावऱ्याहून एसटीनं निघतात, चौफुल्याला गाडी बदलतात आणि ऑफिसात झाडू मारून होतोय तोवर खुर्चीत हजर असतात.

डिप्लोमा करून मी तिथं संगणकावर बसलो, तेव्हा मला वाटायचं की समितीचं काम म्हणजे अध्यक्षांचं आणि सदस्यांचं काम. महिन्याभरात कळलं, समिती महिन्यातून एक दिवस असते, बाकीचे एकोणतीस दिवस मॅडम असतात. नोटीस काढायची, विषयपत्रिका लावायची, गणपूर्तीपुरती माणसं जमावीत म्हणून नऊ सदस्यांना फोन करायचे, कुणाच्या घरी लग्न, कुणाची ऊसतोड, ते बघून तारीख ठरवायची. आणि सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, त्याचं इतिवृत्त लिहायचं.

हे काम त्यांना घरातूनच मिळालं म्हणायचं. वडील बन्सी, घरात सगळे दादा म्हणायचे, ग्रामपंचायतीत शिपाई. सभा झाली की सह्यांची वही बगलेत मारून ते घरोघर जायचे. कुणी गोठ्यात सही करायचा, कुणी दाढीचा फेस पुसत. छोटी राजश्री शाईचा पॅड घेऊन मागं. "वर काय लिहिलंय ते कुणी वाचायचं न्हाई," मॅडम सांगतात. "एकदा दादांनी मुद्दाम वही उलटी धरली. तरी सही झाली."

आमच्याकडं अंगणवाड्यांची एक समिती आहे. तिच्यातले सगळ्यात मोठ्या आवाजाचे सदस्य म्हणजे राहू गावाकडचे शंभूआप्पा. आप्पांना द्यायची फार हौस, पण तोंडानं. दोन वर्षांत त्यांनी भर सभेत एक बोअर, पोरांना न्यायला-आणायला गाडी, दोनशे नारळाची रोपं आणि एक म्हैस दिली होती. प्रत्येक वेळी बोलून झालं की टेबलावर बोट आपटून म्हणायचे, "लिहा बाई." आणि समितीत सगळ्यांना ठाऊक होतं की आप्पा "लिहा" म्हणाले की लिहायचं नसतं. मॅडम तिथं 'विषयावर सविस्तर चर्चा झाली' असं टाकायच्या. म्हैस त्या चर्चेत विरघळून जायची.

मागच्या वर्षी जानेवारीत प्रतिभा ऑफिसात आली. ती राहूजवळच्या एका वस्तीवरची अंगणवाडी सेविका. वस्तीवरची घरं पूर्वी मेंढरांमागं फिरणारी, आता शेतीत स्थिरावलेली. अंगणवाडीला खोली नव्हती. तिची सासू बानूबाई, तिच्या कांदाचाळीत बावीस पोरं बसायची. चाळ रिकामी तोवर शाळा. मार्च सरता सरता कांदा आला की पोरं बाभळीखाली, आणि ऊन चढलं की घरी. खोली मंजूर व्हायला तयार होती, पण जागा कुणी देत नव्हतं. मार्चच्या सभेपर्यंत जागा मिळाली नाही तर प्रस्ताव परत जाणार होता, आणि पोरं शेजारच्या अंगणवाडीत जोडणार होते. ती अंगणवाडी कालव्याच्या पलीकडं. तीन वर्षांची पोरं कालवा ओलांडून कोण पाठवणार?

"मॅडम, कांदा थांबत न्हाई आन् कागद हालत न्हाई," प्रतिभा म्हणाली. मॅडमनी तिला चहा पाजला आणि विषय फेब्रुवारीच्या पत्रिकेत घेतला.

फेब्रुवारीच्या सभेत एका सदस्यानं आप्पांना टोचलं, की तुमच्याच भागात तुमच्या शब्दाला कुणी दोन हात जागा देत नाही. आप्पा तापले. म्हणाले, "दुसऱ्याची कशाला? माझ्या इहिरीजवळची दोन गुंठं घ्या. पोरांपरीस जमीन मोठी हाय का? लिहा बाई."

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि लिहिलं.

चार दिवसांनी मी ते इतिवृत्त टाइप करत होतो. सविस्तर चर्चेच्या जागी आप्पांचं वाक्य जसंच्या तसं होतं, वेळेसकट. मी विचारलं, मॅडम, हे असंच ठेवायचं? त्या म्हणाल्या, "म्हणाले ना ते लिहा?"

तीन पानांचं इतिवृत्त नऊ सदस्यांना टपालानं गेलं. व्हॉट्सअॅपच्या गटावरही गेलं. सगळ्यात आधी आप्पांनीच खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. फाइल त्यांनी उघडली नव्हती, हे मला काय, मॅडमना काय, दोघांनाही ठाऊक होतं. आप्पांचं हे चित्र वाढदिवसाला, दहाव्याला आणि परिपत्रकाला एकच असतं.

मार्चच्या सभेला मॅडमनी प्रतिभाला माहिती द्यायला म्हणून रीतसर बोलावलं. ती वस्तीवरच्या सहा बायका घेऊन आली. भिंतीकडेच्या बाकावर ओळीनं बसल्या. आप्पांनी त्यांना लांबून रामराम केला, मतदार म्हणून.

पहिला विषय ठरलेला असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्याकडं ते वाचत नाहीत. कुणीतरी म्हणतं वाचलं असं समजा, आणि ते कायम होतं. त्या दिवशी मॅडम उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. तारीख वाचली, वार वाचला, सभागृह कितव्या मजल्यावर आहे ते वाचलं. मग हजर सदस्यांची नावं, वडिलांच्या नावासकट, मुक्काम-पोस्टासकट. चौथ्या नावाला आप्पांनी जांभई दिली.

"बाई, वाचलं समजा की."

"आप्पा, तीनच पानं हायेत. वाचते."

"कुणाला ऐकायचंय ते? पोहे गार व्हायलेत. मी मांडतो, वाचलं असं समजून कायम."

"म्हणजे सूचक तुम्ही?"

"व्हय, मीच. लिहा बाई."

मॅडमनी लिहिलं. अनुमोदन आलं. पोहे आले. मग मॅडमनी पाचवा विषय वाचला: शंभूआप्पांनी दिलेल्या दोन गुंठे जागेवर अंगणवाडीची खोली बांधणे.

आप्पांचा चमचा वाटेतच थांबला. कुठली जागा, कवा दिली, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी तारीख सांगितली आणि म्हणाल्या, "दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. आत्ता पंधरा मिनिटांमागं तुम्हीच कायम केलं."

आप्पा हसण्यावारी नेऊ लागले. बोलण्याच्या भरात माणूस म्हणतो, त्याचं काय एवढं, खोडा ते. अध्यक्षांनी मॅडमकडं बघितलं. मला वाटलं, आता मॅडमची बदली झाली.

"खोडता येत न्हाई, पण मागं घेता येतं," मॅडम अगदी मदतीच्या सुरात म्हणाल्या. "तसा ठराव करू. सदस्य शंभूआप्पा यांनी वस्तीवरच्या बालकांना दिलेली जागा परत घेतली. सूचक कोण लिहू?"

बाकावरच्या बायका आप्पांकडं बघत होत्या, रागानं नाही, नुसत्याच. निवडणूक तोंडावर होती. सूचक म्हणून कुणाचा हात वर होतो का, म्हणून आप्पांनी टेबलाभोवती नजर फिरवली. सगळे पोहे खात होते.

आप्पांनी चमचा तोंडात घातला, चावला, गिळला. मग बाकाकडं वळून म्हणाले, "दिलेलं परत घ्यायला मी काय कालचा हाय का? पण पाटीवर नाव ठळक पायजे."

"ते आधीच लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

कांदा आला तेव्हा पोरं महिनाभर बाभळीखाली बसली, पण प्रस्ताव परत गेला नाही आणि कालवा ओलांडायची वेळ आली नाही. जागेचा कागद आप्पांनी स्वतः फेऱ्या मारून केला. यंदा बानूबाईनं चाळ भरली त्या दिवशी बावीस पोरं विहिरीजवळच्या खोलीत खिचडी खात होती. पाटी एवढी मोठी आहे की तिच्यामागं खिडकी अर्धी झाकली जाते.

आता प्रत्येक सभेत इतिवृत्त पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं जातं. आप्पांचा तसा आग्रहच असतो. चाळीस मिनिटं जातात, चहा गार होतो, बाकीचे आठजण आप्पांना मनातल्या मनात शिव्या देतात.

परवाच्या सभेत पोषण आहाराचा विषय निघाला. आप्पांना राहवलं नाही. "आरं, माझ्या गोठ्यात पाच म्हशी हायेत, रोज दहा लिटर..." एवढं बोलले आणि त्यांचं लक्ष मॅडमच्या पेनाकडं गेलं. पेन कागदाला टेकलेलं होतं.

आप्पांनी पाण्याचा ग्लास उचलला. एक घोट घेतला.

"सविस्तर चर्चा झाली," ते म्हणाले. "लिहा बाई."