तिसऱ्या पानावरची खूण

"हा फॉर्म मुलीने स्वतः भरला आहे का?"

फ्राउ लेमान यांनी फोनवर एवढंच विचारलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, जर्मनीत दुपारचा दीड. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या भाषावर्गाच्या ऑफिसात फोन स्पीकरवर ठेवला होता. टेबलापलीकडे आमचे संचालक दाणी सर बसले होते. त्यांना जर्मन येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी माझ्याकडे बघत मान हलवली. म्हणजे, हो म्हण.

मी म्हणालो, "हो. मुलं उत्साहाच्या भरात लिहितात असं कधी कधी."

त्या दोन वाक्यांनी अर्चना निकम, वय सोळा, राहणार चांदवड, ही मुलगी खोटारडी ठरली. ती खोटारडी नव्हती. खोटं मी लिहिलं होतं. संस्थेच्या स्मरणिकेत आजही उलटंच छापलेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे. संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणार नाही. त्याला माझा इलाज नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. मी संस्थेत जर्मन शिकवायचो आणि एक्स्चेंजचं काम बघायचो. एक्स्चेंज म्हणजे सहल नव्हे. आपल्याकडचं मूल मेअखेरीस पाच आठवडे तिथल्या एका घरात राहतं, त्या घरच्या मुलाबरोबर शाळेत जातं. डिसेंबरात त्या घरचं मूल नाशिकला येतं आणि आपल्या घरी राहतं. त्या घराला होस्ट फॅमिली म्हणतात. कोणतं मूल कोणत्या घरी, हे ठरतं चार पानी फॉर्मवरून. पहिल्या पानावर घरची माणसं, दुसऱ्यावर खाणंपिणं आणि तब्येत, तिसऱ्यावर खेळ आणि आवडी, चौथ्यावर मुलाचं पत्र. तिथल्या शाळेतल्या शिक्षिका फ्राउ लेमान हे फॉर्म घेऊन गावात घरं शोधायच्या. याला आम्ही मॅचिंग म्हणायचो.

आमच्याकडे फॉर्मचे दोन प्रकार होते. कच्चा आणि पक्का. कच्चा मुलं हाताने भरायची. पक्का आम्ही ऑफिसात टाइप करायचो. पक्क्यावर पालकांची सही लागायची, आणि पालक चांदवड, येवला, सटाणा अशा गावांहून यायचे. एका सहीसाठी त्यांचा दिवस मोडायचा. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच कोऱ्या पक्क्या फॉर्मवर सही घेऊन ठेवायची. सही आधी, मजकूर मागाहून. बँकेत कोणी असं केलं असतं तर पोलीस आले असते. आम्ही त्याला सोय म्हणायचो.

अर्चना दर शनिवारी आणि रविवारी चांदवडहून एसटीने यायची. तिच्या वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान होतं. वर्गात ती सर्वांत हुशार नव्हती, पण सर्वांत नेटकी होती. तिच्या कच्च्या फॉर्मवर मांसाहारापुढे 'नाही' होतं. कुत्र्यांपुढे 'थोडी भीती वाटते' होतं. आणि 'पोहता येतं का?' यापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'नाही. मळ्यात विहीर आहे, पण मला उतरू देत नाहीत.'

दाणी सरांनी तो फॉर्म वाचला. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या दोन मुलांना घरं मिळाली नव्हती. ते म्हणाले, "अहो, तीन ठिकाणी नाही लिहिलं की तिथली बाई पान उलटते. काहीतरी हो करा की."

काय हो करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं. मांस ताटात येणार, कुत्रा घरात असणार, तिथे खोटं लगेच उघडं पडलं असतं. पोहण्याचं काय, तिला पाण्यात कोण ढकलणार आहे? मी तिसऱ्या पानावर 'हो'च्या चौकोनात खूण केली. खाली तिच्या वडिलांची सही आधीपासून होतीच.

मॅचिंग आठवड्यात झालं. तळ्याकाठी घर, घरात काट्रिन नावाची तिच्याच वयाची मुलगी, आणि स्वतःची शिडाची होडी. फ्राउ लेमान यांनी आनंदाने कळवलं होतं की मुलीला पोहता येतं म्हणून हे घर अगदी योग्य. मी वर्गात पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते वाक्य गाळलं.

अर्चनाने विचारलं, "सर, तळं खोल असतं का?"

"तुला काय करायचंय? तू काठावर बस."

वर्ग हसला. तीही हसली.

पुढचं मला तिच्याकडून आणि फ्राउ लेमान यांच्याकडून कळलं. पहिला आठवडा उत्तम गेला. काट्रिनच्या वर्गात तिने चांदवडच्या कांद्याच्या लिलावाविषयी दहा मिनिटं जर्मनमध्ये भाषण केलं आणि मुलांना बोली लावायला लावली. मग रविवार आला. घरचे सगळे होडीतून निघाले. काट्रिनच्या वडिलांनी लहान भावंडांना लाइफ जॅकेटं दिली, मोठ्यांना नाही. अर्चनाने जॅकेट मागितलं. ते म्हणाले, तुला पोहता येतं की. ती म्हणाली, येत नाही. घरातून फॉर्म आणला गेला. ती म्हणाली, हे मी लिहिलेलं नाही. त्यांनी वडिलांच्या सहीवर बोट ठेवलं.

ती होडीत बसली नाही. धक्क्याच्या फळ्यांवर मांडी घालून बसली आणि होडी परत येईपर्यंत दोन तास तशीच बसून राहिली.

त्या घरच्यांना मी दोष देत नाही. ते घाबरले होते. ही होडीत बसली असती आणि पडली असती तर? आणि पोहण्याचं खोटं असेल तर तब्येतीचं खरं कशावरून? ज्या मुलीच्या फॉर्मवर विश्वास ठेवता येत नाही तिला ठेवून घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. फ्राउ लेमान यांचा फोन आला तो त्यामुळे.

फोन होल्डवर ठेवून मी दाणी सरांशी बोललो होतो. नाही असं नाही. ते म्हणाले, आपण टाइप केला म्हटलं तर तिथे असलेल्या सगळ्याच मुलांचे फॉर्म खोटे ठरतील, डिसेंबरात कोणी येणार नाही, एक्स्चेंज बंद पडेल. "एकीचं नुकसान होईल. बाकीच्यांचं तर वाचेल."

हे कारण खोटं नव्हतं. पण ते ओझं कोणी उचलायचं हे ठरवताना खोलीत आम्ही दोघं होतो आणि ती नव्हती. दाणी सर आता नाहीत. त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे, म्हणूनच ढकलत नाही. त्यांनी मान हलवली. तोंड माझं होतं.

अर्चना बाराव्या दिवशी परत आली. एअरपोर्टवर मी गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. पुढच्या सोमवारी ती आणि तिचे वडील ऑफिसात आले. दाणी सरांनी तिच्या वडिलांना नियम समजावून सांगितला. फॉर्मवर खोटी माहिती असेल तर मूल परत येतं, सर्टिफिकेट मिळत नाही. आणि सही तुमची आहे.

ते उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही केली सर. चूक माझीच हाय. लय शिकलेली माणसं म्हणून इचारलं नाय."

अर्चना म्हणाली, "अण्णा, तुमची चूक नाही." मग माझ्याकडे वळली. "सर, माझा कच्चा फॉर्म आहे ना तुमच्याकडे? त्यात मी खरं लिहिलंय."

तो फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता. तिच्यापासून हातभर अंतरावर.

मी म्हणालो, "कच्चे फॉर्म आम्ही ठेवत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तेव्हाच तिला सगळं कळलं.  रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात शेरा गेला : खोटी माहिती दिल्यामुळे परत. चांदवडमध्ये 'जर्मनीने हाकलली' असं झालं. तिने जर्मन सोडलं.

पुढच्या वर्षी मी कोऱ्या सह्या बंद केल्या. मुलांच्या हस्ताक्षरातले फॉर्मच पाठवायचे, असं दाणी सरांना सांगितलं. ते म्हणाले, मॅचिंग कोसळेल. मी म्हणालो, मग दुसरा माणूस बघा. मॅचिंगला दोन आठवडे जास्त लागले. सगळ्यांना घरं मिळाली. एका पोराने तर मासे, कुत्रे, मांजर, पियानो, चीज सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं होतं. त्याला एका निवृत्त पोस्टमास्तरच्या घरात जागा मिळाली आणि तो तिथून तीन किलो वजन वाढवून आला. म्हणजे अर्चनाच्या 'नाही'मुळेही कोणी पान उलटलं नसतं. हे मला कळलं, आणि तरी मी गप्प बसलो. पद्धत सुधारली की जुनं फिटलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी संस्थेची स्मरणिका निघाली. एक्स्चेंजच्या इतिहासात एक वाक्य होतं : 'इतक्या वर्षांत केवळ एक विद्यार्थिनी, स्वतःच दिलेल्या खोट्या माहितीमुळे, परत आली.' मी नव्या संचालकांकडे गेलो. हे दाणी सरांचे पुतणे. त्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "सर, नाव कुठे छापलंय? आणि तीसुद्धा विसरली असेल हो आता."

मी दुसऱ्या दिवशी एसटी पकडून चांदवडला गेलो.

टायरचं दुकान वाढलं होतं. अलाइनमेंटचं मशीन आलं होतं. काउंटरवर अर्चना होती. तिने मला लगेच ओळखलं, पण खुर्ची दिली नाही. मी पिशवीतून तो कच्चा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. शाई फिकट झाली होती. विहिरीचं वाक्य मात्र वाचता येत होतं.

तिने चारही पानं वाचली. सावकाश. मग म्हणाली, "अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची तर माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे. कुरिअरची पावतीसुद्धा."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते राहू द्या सर. ते रजिस्टर आहे का अजून?"

"आहे."

"मग चला."

तिने दुकान मिस्त्रीवर सोपवलं आणि आपल्या गाडीतून मला द्वारकेला आणलं. वाटेत ती एकदाच बोलली. खिडकीची काच वर घ्या, धूळ येते.

पुतण्यांनी रजिस्टर काढून दिलं. बघायला हवंय असं मी म्हणालो होतो. पान सापडल्यावर मी पेन काढलं आणि त्या शेऱ्याखाली लिहायला लागलो.

"सर, ऑफिशियल रजिस्टर आहे हे. असं मध्येच लिहिता येत नाही."

मी म्हणालो, "खोटं लिहिता आलं होतं."

'वरील शेरा चुकीचा आहे. विद्यार्थिनीने खरी माहिती दिली होती. पक्क्या फॉर्मवरची खोटी खूण मी केली,' असं लिहून मी सही केली.

अर्चना वाकून बघत होती. "नुसती सही नको सर. पूर्ण नाव लिहा. आणि आता मोठ्याने वाचा."

मी वाचलं. ऑफिसातले दोन क्लार्क आणि प्रवेशासाठी आलेल्या एक बाई ऐकत होत्या. 

कच्चा फॉर्म तिने ठेवून घेतला. मी झेरॉक्स देऊ केली तर म्हणाली, ओरिजिनलच हवा, झेरॉक्स तुम्ही ठेवा. स्मरणिकेत दुरुस्ती छापायला संस्थेने नकार दिला. मी हे लिहून प्रसिद्ध करू का, नाव घालू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "नाव घालाच. आणि मला अजूनही पोहता येत नाही, तेही लिहा."

लिहिलं.

बाकी शहाणपण सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे फॉर्म भरणाऱ्यांना एकच सांगतो. खूण करण्याआधी असं धरून चाला की तिकडे कोणीतरी तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवून, हसत हसत, त्या मुलाला होडीत बसवणार आहे. जॅकेट न देता.