मूठभर सरकी

माझं लग्न जमलं ते माझ्याकडे बघून नाही, माझ्या कपाशीकडे बघून जमलं. हे मी म्हणत नाही, माझी बायको म्हणते, आणि चारचौघांत म्हणते. मी चिडतो. चिडून काय उपयोग, खरं आहे ते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तेलगावपासून जवळच आमचं गाव, ओढ्याकाठी काळ्या मातीचा एक तुकडा, आणि घरात माय आणि मी. बाप मी लहान असतानाच गेला. त्या तुकड्यावर दरसाल कपाशी व्हायची, पण पुढे तिला मर लागली. ज्यानं कधी कापूस लावला नाही त्याच्यासाठी सांगतो: सकाळी झाड हिरवंगार असतं, दुपारी मान टाकतं आणि आठवड्याभरात त्याची काटकी होते. मूळ चिरून बघितलं तर आत काळी रेघ. रोग मातीतच बसलेला, त्याला हाकलायचा कसा? मायनं उतारा टाकला, बांधाच्या चारी कोपऱ्यांत लिंबं पुरली. मर गेली नाही, लिंबं मात्र कुणीतरी उकरून नेली.

अशात सरकारी शेतीखात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले. अंगात शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, आणि घोडा असा थकलेला की साहेबांनीच त्याला उचलून आणलाय की काय असं वाटावं. त्यांनी माझ्या शेतात एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जो मरता है उसे मरने दो. जो बच जाए, उसका बीज रखो. अगले साल वही बीज, इसी बीमार जमीन में."

मायला उर्दू येत नव्हती, पण 'मरने दो' तेवढं बरोबर कळलं. "मुडदा बशिवला ह्येचा!" ती चुलीपाशी बसून पुटपुटली, "लेकरागत वाढवलेली झाडं मरू द्या म्हणतोय!" तरी ताकाचा तांब्या भरून दिलाच, कारण पाहुणा तो पाहुणा. साहेब ताक प्यायले, घोड्याला धीर देत निघून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

माझ्या मनात मात्र ते बोलणं बसलं. मी तसंच करायला लागलो. जी झाडं मेली ती मेली. जी टिकली त्यांतल्या चांगल्या झाडांना मायच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायची, त्यांचा कापूस वेगळा वेचायचा, बोटांनी सरकी सोडवायची, राखेत घोळून गाडग्यात भरायची आणि गाडगं आढ्याला टांगायचं. आढ्यालाच, कारण आमच्या म्हशीला सरकी म्हणजे जीव की प्राण. दुसऱ्या वर्षी तीच सरकी त्याच रोगट तुकड्यात. दुसऱ्या वर्षी झाडं कमी मेली. तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. मी कुणाला बोललो नाही, पण शेतात एकटा असलो की हसायचो.

पंचाईत होती ती नांग्यांची. झाड मेलं की जी मोकळी जागा राहते ती नांगी, आणि आमच्याकडे नांगी भरायची असते, म्हणजे तिथं दुसरं रोप लावायचं असतं. शेतात नांग्या ठेवणं म्हणजे लग्नात फाटकं धोतर नेसणं. मी मुद्दाम ठेवायचो, म्हणजे कोण मेलं आणि कोण जगलं ते कळावं. येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा, "कावून बे, नांग्या भराया हात मोडले का?" एकेकाला समजावून मी थकलो. शेवटी "हो, मोडले" म्हणायला लागलो.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला घाटनांदूरचं स्थळ आलं. पोरीचा बाप घर, गोठा, शेत बघायला येणार होता. आमच्याकडे पोरापेक्षा शेत आधी बघतात, आणि ते बरोबरही आहे, शेत खोटं बोलत नाही. मायनं मला सांगितलं, "जा, तालुक्याच्या बाजारातून नवा पटका घिऊन ये." मी गेलो. पटक्यासाठी माय मला एवढ्या लांब कशी पाठवते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परत येतो तर शेत गच्च भरलेलं!

मायनं तेलगावहून मामाला बोलावून घेतलं होतं. मामाला बहिणीपुढे नाही म्हणता येत नाही, त्यानं स्वतःच्या शेतातली कमरेएवढी, बोंडं धरलेली कपाशी उपटून गाडी भरून आणली आणि दोघांनी मिळून माझ्या नांग्यांत ती खोचली होती. वरून घागरी ओतल्या, माती सगळीकडे सारखी केली, की नवं-जुनं ओळखू येऊ नये. बरं, एवढ्यावर थांबावं? काही झाडांना चिंध्या आणि काहींना नाहीत हे मायला बरं दिसेना. तिनं उरलेलं अख्खं लुगडं फाडून झाडून सगळ्या झाडांना चिंध्या बांधल्या. आमचं शेत नवसाच्या देवीचं ठाणं दिसायला लागलं. मी बांधावर उभा असताना वाटेनं जाणाऱ्या एका म्हातारीनं हात जोडले.

"माय!" मी ओरडलो, "आता माझी कोंची आन् मामाची कोंची?"

"समदी आपलीच की," माय म्हणाली. "पाव्हण्यापुढं तोंडातल्या दातावानी शेत भरलेलं पायजे. न्हाईतर पोरगी कोन देईल तुला? साहेब देईल का?"

मी पटका जमिनीवर आपटला. मामा म्हणाला, "नवा हाय बे, मळंल." मला तीन वर्षांचं बी डोळ्यांपुढून जाताना दिसत होतं आणि ह्यांना पटक्याची काळजी.

पाव्हणे त्याच दिवशी येणार होते, पण वाटेत त्यांचा बैल लंगडला आणि ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत आश्विनाच्या उन्हानं आपलं काम केलं होतं. उपटून आणलेल्या झाडाला मूळ कुठलं? मामाची कपाशी सकाळीच माना टाकायला लागली. माय घागर घेऊन एका झाडाकडून दुसऱ्याकडे पळत होती, मामा वाकलेल्या झाडांना तुरीच्या काड्यांचे टेकू देत होता, आणि मी मात्र बांधावर बसून मनातल्या मनात नाचत होतो, कारण जी ताठ उभी होती ती माझी होती. लग्न गेलं चुलीत, बी सापडलं.

पाव्हणे उतरले. आडदांड माणूस, पांढऱ्या मिशा, हाताचा पंजा फावड्याएवढा. आजूबाजूला न बघता सरळ शेतात शिरले. माय मागून, "उनानं जरा सुकलीत बगा," म्हणत गेली. त्यांनी एका झाडाला हात घातला, झाड अलगद हातात आलं. दुसऱ्याला घातला, तेही आलं. चार पावलं पुढे जाऊन एकाला धरलं, ते काही हलेना. मग ते मायकडे वळले, दोन्ही हातांत मामाची कपाशी, आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ही झाडं बी माझ्यावानीच पाव्हणी आलीत का?"

मायनं पदर तोंडात कोंबला. मामा ओढ्याकडे बैल पाजायला निघून गेला. बैल गोठ्यात होते.

मला वाटलं, झालं, आता गाडी जुंपतात. पण पाव्हणे त्या ताठ झाडापाशी उकिडवे बसले आणि मला हाक मारली. "हितं मर हाय. मला वासानं कळतंय. मंग हे कावून उभं हाय?"

तीन वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी बोलायला लागलो तो थांबेचना. साहेब, घोडा, चिंध्या, गाडगं, राख, म्हैस, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, त्यांच्या विहिरीजवळच्या तुकड्यालाही मर आहे, कापूस सोडून देऊन किती वर्षं झाली, आता तिथं ज्वारीच होते. "माझी पोरगी लहान व्हती तवा त्या कापसाच्या गंजीवर निजायची," ते म्हणाले. "आता घरात वात वळाया बी कापूस इकत आणावा लागतो." एवढा मोठा माणूस, पण बोलताना झाडावरचं एक बोंड कुरवाळत होते.

उठताना त्यांनी धोतर झटकलं. "पोरगी देतो. पर येचनी झाली की ह्या सरकीतली मूठभर मला द्यायची."

माय भडकली. "माज्या लेकाची किंमत मूठभर सरकी?"

मी त्याहून जास्त भडकलो, पण वेगळ्या कारणानं. "मूठ कुनाची?" मी विचारलं. "तुमची मूठ म्हंजी फावडं हाय!"

त्यावर ते इतके हसले की बांधावर बसले. शेवटी ठरलं त्यांच्याच मुठीनं. वेचणी झाल्यावर ते स्वतः आले, गाडग्यात हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा माझ्या काळजातून कळ गेली. पण शब्द तो शब्द. बाकीचं गाडगं पुन्हा आढ्याला गेलं.

माघात लग्न ठरलं. वऱ्हाड घाटनांदूरला निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हळद होती. मामा आंब्याच्या पानांचं तोरण बांधायला आढ्यापर्यंत चढला, गाडगं मध्ये आलं म्हणून त्यानं ते खाली उतरवून गोठ्याच्या दाराशी ठेवलं आणि विसरला. पाव्हण्यांना दूध कमी पडू नये म्हणून माय म्हशीला आंबोण करत होती. दाराशी सरकी दिसली. राख लागलीय म्हणून तिनं, देवा रे, ती धुऊन घेतली आणि मग घमेल्यात घालून म्हशीपुढे ठेवली.

मी पाटावर बसलो होतो, नखशिखांत पिवळा. गोठ्यातून खाण्याचा आवाज आला तो मी ओळखला. सरकी चावताना म्हशीचा आवाज वेगळाच येतो, कुरकुर. तसाच उठलो, बाया ओरडताहेत, "आरं, हळदीचा नवरा गोठ्यात जात न्हाई!" मी गेलो. म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. म्हैस माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे, आणि दाराशी अख्खं गाव आम्हा दोघांकडे. हातात चावलेला चोथा आला आणि घमेलं तर चाटून लख्ख झालं होतं.

मला रडू आलं. मायला कळलं तेव्हा तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मामा दोन दिवस जेवायला माझ्यासमोर बसला नाही.

लग्नात माझं तोंड एवढंसं झालेलं. अंतरपाट दूर झाला, समोर नवरी, आणि मी म्हशीचा विचार करतोय. सासऱ्यांनी मांडवात विचारलं, "जावईबापू, तोंड कावून पाडलंय? पोरगी पसंत न्हाई का?" मामानं घाईघाईनं खरं सांगून टाकलं. मांडवभर खसखस पिकली. नवरदेव म्हशीच्या तोंडात हात घालून उभा होता हे घाटनांदूरला अजून सांगतात. सासरे तेवढे हसले नाहीत. उठून घरात गेले.

परतीच्या वाटेवर नवरी गाडीत माझ्याशेजारी बसली होती. ओटीची गाठ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. ओढा आला, खड्डे आले, मुक्कामाला उतरलो, पण तिचा हात काही सुटेना. मला वाटलं, ओटीतल्या तांदळाला केवढी जपतेय ही, आमच्या घरी उपाशी राहायची भीती वाटत असेल. मला थोडा रागही आला.

घरी आलो, माप ओलांडून ती आत आली, देवाच्या पाया पडली. मायनं पुढे सूप धरलं. "सोड, बाई, ओटी. तांदूळ देवापुढं ठिवू."

तिनं गाठ सोडली. सुपात नारळ पडला, हळकुंड पडलं, सुपारी पडली आणि त्यांच्यामागून राखेत घोळलेली सरकी.

"तांदूळ न्हाई?" माय म्हणाली. मग तिला कळलं काय आहे ते.

"आबांनी दिली," नवरी म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"किती दिली?" मी विचारलं.

"समदी."

मी सुपातली सरकी उचलायला गेलो. माझ्या मुठीत ती मावेना, बोटांमधून सांडत होती. नवरी खाली वाकून एकेक दाणा वेचायला लागली.

मायचे डोळे भरून आले. "आगं, आन् तुज्या बापानं काय पेरायचं मंग?"

"ज्वारी," ती म्हणाली. "आन् ही म्हशीपसून लांब ठिवा."