मनकर्णानं काढलेली पाखरं

देवगाव फाट्यावर बन्सीधरचं वेल्डिंगचं दुकान आहे. सेलूपासून झरीपर्यंत कुणी नवं घर बांधलं की गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बन्सीधरकडूनच करून घेई, कारण त्याच्या कामात पाखरं असायची. मोर आणि हंस सगळेच करतात. बन्सीधरच्या गेटावर मान उलटी वळवून पंख खाजवणारा होला असे, किंवा पाय अजून जमिनीला न टेकलेला बगळा. लोक त्याला पाखरांवाला मिस्तरी म्हणत.

पाखरं काढायची मात्र त्याची बायको मनकर्णा. तिचं माहेर कॅनॉलच्या काठाचं. लहानपणी जोंधळा राखताना दिवसभर ती पाखरंच बघत बसायची. संसारात पडल्यावर सकाळच्या भाकरी उरकल्या की ती दुकानात यायची, फरशीवर खडूनं गेटाच्या मापाचं चित्र काढायची आणि घरी निघून जायची. बन्सीधर त्या रेघांवर सळई वाकवायचा. काम झालं की फरशी झाडून घेतली जायची. गिऱ्हाइकांना हे कधी कुणी सांगितलं नाही. लपवलंही नव्हतं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिलाच वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी भाकरी थापता थापता मनकर्णा एका अंगावर कलली. परभणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पुढं ओढत का होईना, पाय चालू लागला. जीभ दोन-चार शब्दांपुरती सुटली. हात तसाच राहिला.

बन्सीधरनं स्वतः खडू धरून पाहिला. इतकी वर्षं आपला हात तिच्याच वळणांवरून फिरलाय, जमेल, असं त्याला वाटत होतं. बगळा काढला तर तो खुंटीसारखा उभा राहिला. होल्याचा मातीचा गोळा झाला. मग त्यानं मनकर्णाला दुकानात आणून तिच्या डाव्या हातात खडू दिला. तिनं एक रेघ ओढली, ती वाकडी गेली. तळहातानं तिनं ती पुसली आणि खडू खाली ठेवला. त्यानं पुन्हा पुढं केला, पण तिनं मूठ उघडली नाही.

तेव्हा त्याच्या मनात आलं, तिची पाखरं लोकांच्या दारांवर आहेतच की. त्यांचा छाप उतरवून घ्यावा. तो आधी झरीला माणिकरावांकडे गेला. त्यांच्या गेटाच्या दोन्ही झडपांवर बगळ्यांचा अख्खा थवा होता. मनकर्णाचं सगळ्यात देखणं काम तेच. तिथं आता मशीननं कापलेल्या पत्र्याचं काळं गेट होतं.

"ते लय जुनं झालतं, मिस्तरी," माणिकराव म्हणाले. "पोरानं भंगारात घातलं."

त्यांनी चहाचा आग्रह केला. बन्सीधर पाणी पिऊन निघाला.

सेलूजवळच्या हेमाताईंच्या खिडकीवर मात्र होल्यांची जोडी तशीच होती. त्यानं जाळीमागं जुनी वर्तमानपत्रं धरली आणि कोळशानं सगळं उतरवून आणलं. घरी मनकर्णाच्या बाजेशेजारच्या खिडकीला आजवर नुसती डासांची जाळी ठोकलेली होती. लोकांच्या कामातून घरचं काम कधी झालंच नव्हतं. त्या खिडकीसाठी त्यानं होल्यांची जाळी केली, घासली, रंगवली, आणि मनकर्णा बाजेवरून बघत असतानाच बसवली.

"तुजेच होले हायत," तो म्हणाला.

मनकर्णानं जाळीकडं पाहिलं. मग जड जिभेनं म्हणाली, "काढा."

त्याला आनंद झाला. "काढतो की. अजून बी काढतो. बगळे बी काढतो."

तिनं नाही म्हणून मान हलवली. डावा हात उचलून तिनं जाळीकडं बोट केलं आणि पुन्हा म्हणाली, "काढा."

ग्राइंडर आणून त्यानं त्याच दिवशी जाळी कापून काढली. तिच्या जागी सरळ गज बसवले.

दुकानात आता सरळ गजांचीच गेटं होतात. पाखरं मागणाऱ्याला तो सेलूच्या पत्रा कापणाऱ्या दुकानाचा पत्ता सांगतो. असे लोकही आता कमीच येतात.

मनकर्णा खिडकीकडं पाठ करून निजते. जाळी का काढायला लावलीस, असं त्यानं एकदा तिला जेवू घालताना विचारलं होतं. तिनं डाव्या हातानं आपला खडू धरायचा उजवा हात उचलला आणि त्याच्यासमोर स्वतःच्या मांडीवर ठेवला. बन्सीधरनं पुढचा घास कालवला.