पुलीमागचा मांजा

हणमंत खराडेचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. गार इंजिन काही लपवत नाही, असं तो म्हणे. तापलं की लोखंड फुगतं, फटी बुजतात आणि आवाज दबतो. म्हणून जयपूरच्या सांगानेरी दरवाजाबाहेरच्या आमच्या गॅरेजात, रस्त्यावर टांगे सुरू व्हायच्या आत, तो दुरुस्तीची गाडी चालू करून बॉनेट उघडून उभा राही. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. एकेका जागी टोक टेकवायचं, श्वास धरायचा, मग पुढे सरकायचं. दुसरे मिस्त्री सगळं खोलून बिघाड शोधत. हणमंत ऐकून एक जागा दाखवी आणि तेवढीच उघडी. मी तिथे फिटर होतो. त्याने दाखवलेली जागा चुकल्याचं मला आठवत नाही.

तो मूळचा तासगावचा. लढाईच्या काळात फौजेच्या वर्कशॉपात काम शिकला. गॅरेजचे मालक आनंदराव कोल्हापूरचे. त्यांनीच त्याला जयपुरात आणलं. बायको मालन. दोघांना तासगावात चार खणांचं घर बांधायचं होतं. मजुरीतलं जे उरे ते त्या घरासाठी बाजूला पडे.

१९५८ ची संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. एका ठाकूरसाहेबांची गाडी आली. लढाईआधीची, विलायती. तिच्या इंजिनाला ब्लोअर होता, म्हणजे इंजिनात जादा हवा ठासून भरणारा पंखा. तो पट्ट्यावर फिरे आणि त्याचं तेल वेगळं, एका लहान पेल्यात. ड्रायव्हर कजोडमल तरुणपणापासून ठाकूरसाहेबांकडे. हवेलीतल्याच एका खोलीत बायको-मुलींसह राहायचा. संक्रांतीला रस्त्यात भेटला तेव्हा हणमंतने त्याला तिळगूळ दिला होता.

गाडीचा वेग वाढला की शिट्टीसारखा आवाज येई. शिट्टीच्या खाली कानस घासल्यासारखी खरखर. ठाकूरसाहेब स्वतः खुर्ची टाकून बसले. हणमंतने पेचकस ब्लोअरच्या तोंडाशी टेकवला आणि लगेच काढला.

"बेअरिंग सूख गया है, हुकम."

हे बरोबर होतं. इथे त्याने थांबायला हवं होतं.

"सूखा क्यों?" ठाकूरसाहेबांनी विचारलं.

हणमंतने पेल्यात बोट घातलं. बोट कोरडं आलं. "देखनेवाला न देखे तो सूखेगा ही."

"तेल मैंने सुबह ही डाला है, मिस्त्रीजी," कजोडमल म्हणाला.

"तो गया कहाँ? आप पी गए?"

गॅरेजातले सगळे हसले. ठाकूरसाहेब हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी कजोडमलकडून किल्ली काढून घेतली आणि खोली रिकामी करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हणमंतने ब्लोअरची पुली उतरवली. मागे दांड्यावर मांजा गुंडाळलेला होता. गुलाबी, काच लावलेला, तापून कडीसारखा घट्ट झालेला. संक्रांतीला जयपूरच्या रस्त्यांवर कापलेल्या पतंगांचा मांजा लोंबत असतो. सायकलच्या चाकातून तो काढणं इथल्या पोरांना रोजचं. हणमंतनेही काढला होता. गाडीच्या पुलीमागे तो जाईल हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. काचेने तेल अडवणारं सील खाल्लं होतं. कजोडमल रोज सकाळी पेला भरत होता आणि गाडी फिरली की तेल तिथून उडून जात होतं.

हणमंतने ती कडी आनंदरावांपुढे ठेवली.

"गप ऱ्हा, हणमा," आनंदराव म्हणाले. "ठाकूर म्हणंल, कालचं खोटं तर आजचं खरं कशावरनं?"

"अवो, त्याची खोली गेली."

"नवा डायवर आज सकाळीच आलाय तिथं ऱ्हायला. आता त्याला काढतोस काय?"

हणमंतने कडी खिशात टाकली. सील बदललं, बेअरिंग बदललं, गाडी दिली. आवाज गेला होता.

त्यानंतरही तो पाचलाच यायचा. पण आता एक जागा दाखवून त्याचं भागेना. दाखवलेली जागा खोलल्यावर शेजारच्या आणखी दोन जागा खोलून पाही. आनंदराव चिडत. "तुझा कान कुठं गेला?" म्हणून टोमणे मारत. गिऱ्हाइकाने "कशामुळे झालं?" म्हटलं की हणमंत म्हणे, "पता नहीं. खोलके बताता हूँ."

चांदपोलच्या धान्यबाजारात त्याला एकदा कजोडमल दिसला. पाठीवर पोतं होतं. "राम-राम, मिस्त्रीजी," तो नेहमीसारखं म्हणाला आणि पुढे गेला. हणमंत त्या दिवशी जेवला नाही, असं मालनने माझ्या बायकोला सांगितलं.

होळी झाली. मग तो कडी घेऊन हवेलीवर गेला. ठाकूरसाहेबांनी ती हातात फिरवून पाहिली. "अच्छा. पर नया आदमी तो रख लिया." त्यांनी चहा मागवला. हणमंत चहा न पिता उठला आणि तिथून थेट धान्यबाजारात गेला.

कजोडमलने पोतं खाली ठेवून सगळं ऐकलं. "तेल मैंने डाला था, यह मुझे तो उसी दिन पता था," तो म्हणाला. "आपको अब पता चला." आणि पोतं उचललं.

पुढच्या वर्षी मुरलीपुऱ्याकडे एका शेतात हणमंतला एक जुनी गाडी सापडली. शेतकरी रात्री तिच्यात शेळ्या कोंडायचा. चाकं नव्हती, गाद्या शेळ्यांनी खाल्ल्या होत्या. हणमंतने ती विकत घेतली.

"मला इचारायचं तरी," मालन म्हणाली. "घर कशात बांधायचं आता? शेळ्यांच्या गाडीत?"

"त्याची खोली माझ्यामुळं गेली."

"आन् माझी?"

मालन बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली.

त्याने इंजिन सुटं केलं. सिलिंडर घासून घेतले, रिंगा नव्या बसवल्या, प्रत्येक बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. सगळं गॅरेजची सुट्टी झाल्यावर आणि रविवारी. मी हात लावू का म्हणून विचारलं. नको म्हणाला. दोन वर्षं गेली. टॅक्सीचा परवाना त्याने कजोडमलच्या नावाने काढला.

कजोडमल आला, पण किल्ली त्याने लगेच घेतली नाही. बॉनेट उघडलं, तेलाची पातळी बघायची सळई काढून पुसली, पुन्हा बुडवली आणि हणमंतच्या डोळ्यांसमोर धरली.

"देख लीजिए."

हणमंतने वाकून पाहिलं. "भरा है."

मग त्याने किल्ली घेतली.

तासगावचं घर झालं नाही. हणमंतच्या मजुरीतून ती टॅक्सी झाली. रोज पहाटे पाचला कजोडमल ती गॅरेजसमोर उभी करी, सळई पुसून, बुडवून दाखवी, आणि हणमंतने "भरा है" म्हटल्याशिवाय स्टेशनकडे निघत नसे.