जीपआक्काची बिनकराची गाडी

जीपआक्का भांडायला निघाली की पदर खोचायची नाही, कमरेच्या पिशवीतून रोड टॅक्सची पावती काढायची. रामनगरहून जोयड्यामार्गे अणशीच्या अलीकडच्या वाडीपर्यंत ती डिझेलची जीप चालवायची. वाटेत नवा खड्डा लागला की पुढच्या सोमवारी तो रस्त्यांच्या कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर हजर. पावती फडकवून म्हणायची, "म्या टॅक्स भरलाय, साहेब. म्हणून मला तोंड हाय." मी नामांकित वकील ऐकलेत. एवढ्याशा कागदावर एवढा मोठा आवाज उभा करणारा एकही भेटला नाही.

पुढे जीपचं वय झालं, फिटनेसचा दाखला मिळेना. भाचीनं सुचवलं, इलेक्ट्रिक गाडी घे, रोड टॅक्स माफ आहे. झालं, चहाच्या टपरीवर सभा भरली. किराणावाले अण्णा म्हणाले, "सूट त्यास्नी आणि रस्ते आमच्या डिझेलवर? ह्यो कुठला न्याव?" मी उठून जंगल, धूर, पुढच्या पिढ्या असं बरंच काही हातवारे करत बोललो. आक्कानं शांतपणे चहा बशीत ओतला. "तुमचं दोघांचं ऱ्हाऊ द्या. टॅक्स माफ म्हंजे माझ्या तोंडाला कुलूप. उद्या खड्ड्याबद्दल काय म्हणून बोलू?"

करमाफीला असा विरोध मी वर्तमानपत्रातही वाचला नव्हता. पण वाडीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्याला न्यायला दुसरी सवारी नव्हती. आक्कानं तोंड वाकडं करून गाडी घेतली.

आणि पहिला आठवडा ती रिकामीच परतली. वाडीची रीत अशी, की दोन वळणं अलीकडे जीपची घरघर ऐकू आली की चुलीवरचं उतरवायचं, लुगडं बदलायचं आणि निघायचं. ही गाडी मांजरासारखी यायची, वाट बघून निघून जायची. शेवटी येसूआजीनं काठी आडवी घालून तिला अडवलं. "चोरागत येतीस व्हय गं? सांगून तरी ये." दुसऱ्या दिवशी आक्कानं बंपरला बैलाची घंटा बांधली. त्या घंटेला वाडी तर आलीच, पण एकदा रस्त्यात ठाण मांडलेला गवासुद्धा उठून बाजूला झाला. तो आदरानं झाला असं मी सांगतो. लोक हसतात.

उन्हाळ्याच्या शेवटी ओढ्यावरची मोरी खचली. एक मोठा पाऊस, की वाडी तुटणार आणि येसूआजीचा महिन्याचा दवाखाना बंद. आक्का कचेरीत गेली, सोबत मी. तिचे हात रिकामे होते. साहेब हसले. "आक्का, आता तुमची गाडी बिनकराची. सगळ्यांनी अशी सवलत घेतली, तर मोरीला पैसा कुठून आणू?"

पंचाईत अशी, की साहेबांचं चुकत नव्हतं. आक्काचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडे गेला आणि परत आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, माझी गाडी कशावर चालती?"

"विजेवर."

"वीज कुठली?"

"इथलीच. सुपा धरणाची."

"त्या पाण्याखाली माझं घर हाय. शाळंत जायाच्या वयात सोडलं. मागं वळून बघू नको, म्हणाली आई. आता सांगा, माझा कोणता कर ऱ्हायलाय?"

डोक्यावर पंखा फिरत होता. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो. का, ते अजून सांगता येत नाही.

पावसाआधी मोरी झाली. उद्घाटनाला साहेब नारळ घेऊन आले, आक्काच्या हातून फोडायचा म्हणून. आक्का आली ती माणसांनी भरलेली गाडी घेऊन. खिडकीतून, धाकट्या भावाला हाक मारावी तशी, म्हणाली, "तुमीच फोडा, तम्मा. येसूआजीचा दवाखाना बंद हुईल." आणि गेली. सगळी कचेरी नारळासकट धुळीत उभी.

दोन वर्षांनी आक्का वारली. गाडी आता भाची चालवते. परवा मोरीच्या पुढचं वळण खचलं म्हणून मी कचेरीत गेलो. माझ्या नावावर ना गाडी, ना धरणात बुडालेलं घर. साहेब तेच. त्यांनी विचारलं, "तुमचा काय संबंध?"

मी म्हणालो, "मी जीपआक्काच्या गाडीतला पॅसेंजर."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि तक्रार लिहून घ्यायला कागद काढला.