हरलेल्याचा फ्लेक्स

आधी माफी मागतो. अनुभव लिहायला माणसाचं वय लागतं, निदान नोकरी तरी पक्की लागते. माझं वय वीस आणि नोकरी होती तीही पार्ट टाइम. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे लिहिणं म्हणजे सही करणं, नाहीतर लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालणं. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, घडलं तसं लिही. तसं जमेल की नाही माहीत नाही. भाषा चुकली तर सांभाळून घ्या. पण यातला शब्द मी मागे घेणार नाही.

"हरले तरी छापायचा," शमीमभाभी काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या.

मी स्क्रीनवरून मान वर केली. "भाभी, निकाल उद्या आहे. जिंकल्यावर फोन करा. मी लगेच लावून देतो."

"जिंकले तरी हाच छाप. हरले तरी हाच. दोन कशाला पायजेत?"

मी एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायचो. दुकान पिरंगुटच्या पुढे, रस्त्याला लागून आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. वाढदिवस, दशक्रिया, गृहप्रवेश, क्रिकेटच्या स्पर्धा, सगळं आमच्याकडे छापलं जायचं. निवडणुकीत तर जेवायला फुरसत नसायची. ही गोष्ट आमच्या ग्रामपंचायतीच्या निकालाची आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या धंद्यात काय चालतं ते सांगतो. दोन्हीकडचे लोक येतात आणि 'प्रचंड मतांनी विजयी' असा फ्लेक्स तयार करून ठेवायला सांगतात. आम्ही त्याचा प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. प्रूफ म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाने नजर टाकायचा नमुना. तिकडून ओके आलं की फाइल बाजूला ठेवायची. निकाल लागला की जिंकलेल्याची छापायची, हरलेल्याची डिलीट करायची. त्या दिवशी हरलेला माणूस आमचा फोनही उचलत नाही. हरलेल्याचा फ्लेक्स हा प्रकारच आमच्या धंद्यात नाही.

आमचा वॉर्ड यंदा महिलांसाठी राखीव होता. एका बाजूने नानांची सून उभी होती. नाना म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. उरवड्याच्या कंपन्यांना कामगार पुरवायचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याकडे आहे. सुनेच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो नानांचा, त्याखालोखाल मुलाचा, आणि सूनबाई कोपऱ्यात, पदर डोक्यावर घेऊन. खाली शुभेच्छुकांची पट्टी, म्हणजे तोंडांची रांग. कुणाचं तोंड आधी आणि कुणाचं मोठं यावरून दुकानात दोनदा शिवीगाळ झाली. प्रूफला ओके नानांचा पुतण्या विकीदादा याने दिला. सूनबाईंनी तो पाहिला की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या बाजूने शमीमभाभी मुलाणी. त्या गावठाणात ब्लाऊज शिवतात. माझ्या आईचेही त्याच शिवतात. भूगावच्या बाजूने बिल्डिंगा सरकत सरकत आमच्या वॉर्डाला येऊन टेकल्या. त्यांच्यासाठी नवी पाइपलाइन आली ती आमच्या गावठाणाच्या मधूनच गेली. पाणी तिकडे रोज जातं. आमच्या नळाला एक दिवसाआड, करंगळीएवढी धार. भाभी बायकांना घेऊन पंचायतीत इतक्या वेळा गेल्या की शिपाई त्यांना बघूनच "साहेब न्हाईत" म्हणायला लागला. शेवटी त्या म्हणाल्या, बाहेर उभं राहून पाय दुखले, आता आत बसून बघू. आणि अर्ज भरला.

"मजकूर सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितला तो असा: 'ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार. ज्यांनी दिलं नाही त्यांच्याही नळाला रोज पाणी आलं पाहिजे. ते काम मी सोडलेलं नाही. शमीम मुलाणी.'

"वर कुणाचा फोटो टाकू? एखादे मोठे नेते? शुभेच्छुक?"

"माझा टाक. लई मोठा नको, तोंड वळखू आलं म्हणजे झालं."

"हात जोडलेला फोटो आहे का?"

"हात जोडायचं मतदानापत्तुर असतं बाबा. आता कशाला?"

मी प्रूफ तयार केला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोकळं डिझाइन. इतकी रिकामी जागा बघून मलाच कसंतरी वाटलं. सवयीने मी कोपऱ्यात एक कमळ टाकलं. त्यांनी बोट ठेवून ते काढायला लावलं. "पक्षाचं वाटंल," म्हणाल्या. मग प्रूफला ओके दिलं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी पौडला होती. मी कॉलेज बुडवून सकाळीच दुकानात आलो. दुपारच्या आत निकाल लागला. नानांची सून अकरा मतांनी निवडून आली. 'प्रचंड मतांनी' ही ओळ बदलायची का, असं मी शेठना विचारलं. दिलीपशेठ म्हणजे दुकानाचे मालक. ते म्हणाले, "गप छाप. अकरा बी प्रचंडच असत्यात."

विकीदादा चार पोरं घेऊन आला तेव्हा त्याच्या भुवयांतसुद्धा गुलाल होता. मशीनवर नानांचा फ्लेक्स सरकत होता. शेठ ओरडले, "लांबनं बघा रं! शाई वली हाय. गुलाल चिकटला तर नानांचं त्वांड लाल हुईल."

सगळे हसले. विकीदादा माझ्या मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर भाभींचा प्रूफ उघडा होता. मी तो बंद करायला हवा होता, पण हात माउसवर तसाच राहिला. त्याने तो सावकाश, ओठ हलवत वाचला.

"ह्ये काय हाय?"

"ऑर्डर आहे," मी म्हणालो.

"पडली की ती. पडलेल्याचा फ्लेक्स आसतुय व्हय?" तो पोरांकडे बघून हसला. मग हसायचा थांबला. "शेठ, ह्ये छापायचं न्हाई. आज आमची मिरवणूक हाय आन् चौकात ही पाणी पाणी करत उभी? लोकांना वाटंल हीच आलीय निवडून."

"न्हाई छापत, दादा. तुमी जावा," शेठ म्हणाले.

जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शर्टावर गुलालाचा पंजा उठला. "ओंकार, तुझं वडील आमच्याकडंच हायेत ना? उरवड्याला?"

मी हो म्हणालो. खरं तर मान हलवली.

"मग बरं हाय," तो म्हणाला.

ते गेल्यावर शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती आली की सांग, मशीन बंद पडलंय. हेड जाम झालाय म्हण." हेड म्हणजे मशीनचा शाई सोडणारा भाग. तो खरोखरच अधूनमधून जाम होतो. बहाणा चांगला होता.

भाभी पौडवरून थेट दुकानातच आल्या. तोंड उन्हाने रापलेलं, हातात रिकामी पाण्याची बाटली. मागे मशीन सर्र सर्र चालू होतं, त्यावर सूनबाईंचा पदर छापून होत आला होता. मी म्हणालो, "भाभी, मशीन..." आणि पुढे बोलता येईना. मशीनचा आवाज त्यांनाही येत होता आणि मलाही. बोलताना मी एरवीही अडतो. त्या दिवशी निराळ्या कारणाने अडलो.

"मशीन चालू आहे," मी म्हणालो. "तुमचा छापायचा नाही असं सांगितलंय."

"कुणी? विकीनं?"

मी शर्टावरचा गुलालाचा पंजा झटकला.

"आन् तुझ्या बापाचं नाव घेतलं आसंल."

मी मान खाली घातली. त्या बाकावर बसल्या. त्यांनी मला छाप म्हटलं नाही, छापू नको असंही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या भाकरीवर मी फ्लेक्स लावणार न्हाई, ओंकार. त्यांना इचार. ते नको म्हणलं तर मी खडूनं भिंतीवर लिहिते."

मी बाबांना फोन लावला. त्यांची जेवणाची सुट्टी चालू होती. मी सगळं सांगितलं.

"मग मला कशाला इचारतुयास?" बाबा म्हणाले. "तुझं काम काय हाय?"

"फ्लेक्स छापायचं."

"मग छाप की."

"पण नाना..."

"नाना पगार देतुया तो पोती उचलायचा. मत कुणाला दिलं त्याचा न्हाई देत."

"तुमी कुणाला दिलं?"

"ते तुला बी सांगणार न्हाई. ठेव फोन, भाकरी वाळतीया."

मी शेठकडे गेलो. "शेठ, मी भाभींचा फ्लेक्स छापतोय."

"डोकं फिरलंय का? त्यांची वर्षाची सगळी कामं आपल्याकडं असत्यात."

"ऑर्डर आपण घेतलीय. प्रूफ ओके झालाय."

"कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?"

"नाही. हे तुम्हीच शिकवलंत. प्रूफ ओके झाल्यावर मागे फिरायचं नाही."

शेठ म्हणाले, "छापलास तर उद्यापास्नं यायचं न्हाई."

"बरं," मी म्हणालो. "आज तर कामावर आहे ना?"

शेठ चपला घालून समोर चहाला गेले. मशीनचं बटण बंद करून जाता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. याबद्दल मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही.

फ्लेक्स छापला. वाळवला. कडेने आयलेट मारले, म्हणजे दोरी ओवायच्या पितळी रिंगा. भाभींबरोबर गावठाणातल्या दोघीतिघी आल्या होत्या. त्यांनीच तो गुंडाळून नेला आणि चौकात बांधला. वरती नानांचा फ्लेक्स, घराच्या भिंतीएवढा. खाली हा, दाराएवढा. पण नानांचा इतका उंच होता की वाचायला मान दुखायची. हा डोळ्यासमोर होता. मिरवणूक चौकात आली तेव्हा ढोल वाजत होते आणि गुलालाने भरलेली माणसं तो फ्लेक्स वाचत होती. एक म्हातारा तर नाचता नाचता थांबून म्हणाला, "आरं, खरंच की. माझ्याकडं बी कुटं येतंय पाणी?" त्याला लगेच कुणीतरी पुढे ओढलं.

सकाळी फ्लेक्स चौकात पडलेला होता. दोऱ्या कापलेल्या, दोन आयलेट उपटलेले. भाभींनी तो घरी नेला, कडेला जुन्या साडीची दुहेरी पट्टी घालून मशीनवर शिवला आणि दुपारच्या आत पुन्हा बांधला. या वेळी बांधायला डझनभर बायका होत्या, त्यात माझी आई होती. मी तिथे नव्हतो. मला हे आईने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा चढलेला होता. पुढच्या सकाळी तो कुणी कापला नाही. शिवण उसवायला वेळ लागतो आणि समोरच्या ओट्यावर आता कायम कुणीतरी बसलेलं असायचं.

दुकान सुटलं. शेठचा फोन आला नाही, मीही केला नाही. मी दुपारीही कॉलेजातच थांबू लागलो. या प्रकरणातून मी काय शिकलो असं मॅडमनी विचारलं होतं. एवढंच सांगू शकतो की ऑर्डर घेताना माणूस निवडून येईल का, हे विचारायचं नसतं. मजकूर विचारायचा, साइज विचारायची आणि आयलेट जवळजवळ मारायचे.

पण बाबांचं काय होणार, ही धास्ती होतीच. रोज ते कामावर गेले की मी फोनकडे बघायचो. निकालानंतरच्या सोमवारी मी वर्गात होतो. फोन थरथरला, तीनदा. सरांची परवानगी न घेताच मी बाहेर आलो. आईचा फोन होता. मागे मोटारींचे हॉर्न ऐकू येत होते.

"तू कुटं हायेस?" मी विचारलं.

"उरवड्याला. कंपनीच्या गेटावर. तुझ्या बाबांना सकाळी आत घेतलं न्हाई. नानांचा माणूस म्हनला, तुमचं काम संपलं."

मी जिन्यावर बसलो. "आता?"

"आता काय? बसल्यात गेटाम्होरं."

"एकटेच?"

"न्हाई रं," आई म्हणाली. "त्यांच्याबरूबर काम करणारी अख्खी लाइन भायेर येऊन बसलीया. आत एक बी मशीन चालू न्हाई."