सुटली म्हण

देवीवरचा माझा विश्वास डळमळला, त्या दिवसांची ही हकिकत. मी शिक्षिका, माझ्या वर्गात चुळबुळ करायची कुणाची टाप नाही. आणि माझीच दहा वर्षांची लेक सारखे डोळे मिचकावायची, खांदा उडवायची, घशातून ‘हूं’ असा आवाज काढायची. आमच्या उमरी गावात सगळे म्हणत, खोड आहे, धाक दाखवा. मी तिला देवघरासमोर उभं केलं आणि म्हटलं, ‘पुन्हा केलंस तर तुला माझ्या गळ्याची शपथ.’

खांदा काही थांबला नाही. उलट तो उडाला की ती उंबऱ्याला सात वेळा नमस्कार करू लागली, मग पुन्हा सात वेळा. जेवण सुटलं, शाळाही बंद पडायची वेळ आली. का, ते सांगेना.

देवी ऐकतच नाही असं वाटू लागलं, तरी शेवटी माहूरला रेणुकामातेकडे नेलं. पायऱ्यांवर तिचा खांदा उडाला नि मी खेकसले. शेजारी दम खात बसलेल्या अनोळखी बाई म्हणाल्या, ‘ताई, लेकराला कामून रागवून राहिल्या? तिच्या हातात न्हाई ते. माझ्या भावाचं असंच हाय. लातूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईला दाखवा.’ नाव विचारेपर्यंत त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

लातूरला डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून शांतपणे समजावलं. कोणती हालचाल होऊ द्यायची, कोणती अडवायची, हे पाहणारी केंद्रं मेंदूच्या खोल भागात असतात. हिचा तो लगाम जरा सैल आहे. शिंकेसारखं आतून दाटून येतं, थोडा वेळ दाबता येतं, एवढंच. तिथूनच जाणाऱ्या दुसऱ्या वाटांवर एखादा विचारही असाच फिरत राहतो, म्हणून ते नमस्कार. मी थक्क झाले. ओंजळीएवढ्या मेंदूत देवीआईने केवढा कारभार मांडलाय! आणि माझी लेक शाळेत तासन्‌तास ते दाबून धरत होती. एवढी ताकद माझ्यात नाही.

तेवढ्यात लेकीने विचारलं, ‘डॉक्टर, शपथ मोडल्यावर आई किती दिवसांनी मरते?’

मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, ‘सुटली गं, शपथ सुटली.’

‘देवघरासमोर म्हण. तिथंच घातली होतीस.’

घरी येऊन, चपलाही न काढता, मी म्हटलं. तिने ताट वाढून मागितलं. उपचार चालू आहेत. नमस्कार कमी झालेत, खांदा अजून उडतो. पायरीवरच्या बाई कोण होत्या, मी शोधत नाही. रोज आरतीला त्यांच्यासाठी हात जोडते. मध्येच लेकीचा ‘हूं’ येतो आणि मी आरती पुढे म्हणत राहते.